देश तसा वेश, की पळसाला पाने तीनच?

मराठी घरात वाद कशावरूनही सुरू झाला, तरी तो मिटवण्याचे वाक्य ठरलेले असते. चकलीच्या भाजणीत उडदाची डाळ किती घालावी यावरून सासूसुनांत खटका उडो, निवडणुकीवरून बापलेकांचे वाजो, की जिन्यात उभ्या उभ्या दोन शेजारी देवधर्मावर घसरोत, शेवटी एखादे शहाणे माणूस मध्ये पडते आणि म्हणते, "जाऊ द्या हो, ज्याचे त्याचे खरे!" मग चहा येतो, विषय बदलतो आणि ज्याचे मत त्याच्यापाशीच राहते.

हे वाक्य सोयीचे आहे यात शंका नाही. भाजणीपुरते ते खरेही असेल. पण उद्या घरातल्या तान्ह्या मुलाला लस टोचावी की नाही असा वाद निघाला, किंवा शिकणाऱ्या मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध उरकून टाकावे की नाही असा निघाला, तर तेथेही "ज्याचे त्याचे खरे" म्हणून उठता येईल काय?

आपल्या म्हणींचेही या बाबतीत एकमत नाही. 'देश तसा वेश' आणि 'व्यक्ती तितक्या प्रकृती' या म्हणी एका बाजूच्या. 'घरोघरी मातीच्या चुली' आणि 'कोठेही जा, पळसाला पाने तीनच' या दुसऱ्या बाजूच्या. आपण प्रसंग पाहून हवी ती म्हण काढतो. तत्त्वज्ञांनी मात्र हे भांडण अडीच हजार वर्षे नेटाने चालवले आहे. सत्य आणि मूल्ये ही ज्याच्या त्याच्या, किंवा ज्या त्या समाजाच्या, दृष्टीवर अवलंबून असतात, या मताला ते सापेक्षतावाद म्हणतात. या मताच्या बाजूने काय बोलता येते आणि विरुद्ध काय, हे एकदा नीट पाहिले, तर निदान आपण कोणती म्हण कोठे वापरतो याचे भान येईल.

एक रात्र आणि दोन महिने

आरंभ दिवाळीपासूनच करू. लक्ष्मीपूजनाची अमावास्या कोणत्या महिन्यातली? महाराष्ट्रातला माणूस म्हणेल, अश्विनातली. काशीचा माणूस म्हणेल, कार्तिकातली. दोघांचेही पंचांग बिनचूक आहे आणि दोघेही एकाच रात्री दिवे लावतात. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून दिवाळीआधीचा वद्य पक्ष आपल्याकडे अश्विनाच्या पदरात पडतो आणि त्यांच्याकडे कार्तिकाच्या. "आज अश्विन आहे" हे वाक्य खरे की खोटे, याचे उत्तर कोणत्या गणनेने, हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबईने आपली जुनी वेळ पार १९५५ पर्यंत सोडली नाही. ही मुंबई वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. अर्धे शतक या शहरात "किती वाजले?" या साध्या प्रश्नाला दोन खरी उत्तरे होती.

सापेक्षतावादी म्हणेल, "झाले तर! सत्य सापेक्ष असते हे तुम्हीच कबूल केलेत." पण जरा थांबावे. दोन घड्याळांतला फरक ३९ मिनिटांचा होता. तो कोणाच्या लहरीप्रमाणे आज ३० आणि उद्या ५० होत नव्हता. एका घड्याळावरून दुसऱ्याची वेळ कोणालाही काढता येत होती. आणि मुंबई वेळ पाळणाऱ्याने प्रमाणवेळेने सुटणारी गाडी हिशेब न करता गाठू म्हटले, तर गाडी त्याच्या मताचा मान राखून फलाटावर थांबत नव्हती. म्हणजे एखादी गोष्ट सापेक्ष आहे याचा अर्थ ती कशीही मानून चालते, असा होत नाही. डावे-उजवे सापेक्ष आहे, पण मोटार चालवताना त्याबद्दल घोळ घालून भागत नाही.

आइन्स्टाइनच्या नावाचा जो गैरवापर होतो, त्याचे मूळही येथेच आहे. १९०५ साली त्याने सापेक्षतेचा विशेष सिद्धान्त मांडला आणि तेव्हापासून "विज्ञानानेच सिद्ध केले आहे की सगळे सापेक्ष आहे" हे वाक्य दिवाणखान्यांतून ऐकू येते. त्या सिद्धान्तात दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते, हे खरे. पण निर्वातातला प्रकाशाचा वेग सर्व निरीक्षकांना सारखाच आढळतो आणि निसर्गाचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात, हा त्याच सिद्धान्ताचा पाया आहे. काय बदलते ते सांगताना काय बदलत नाही तेही त्याने सांगितले. लोकांनी अर्धेच ऐकले.

प्रोटॅगोरसचा वारा

सापेक्षतावादाचा पहिला मोठा वकील म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक पंडित प्रोटॅगोरस. माणूस हाच सर्व गोष्टींचे माप आहे, असे त्याचे म्हणणे. त्याचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत, पण प्लेटोने 'थिआयटीटस' या संवादात त्याची बाजू मांडली आहे आणि मग ती खोडून काढली आहे. तेथले उदाहरण अगदी घरगुती आहे. एकच वारा एकाला गार लागतो, दुसऱ्याला लागत नाही. वारा मुळात गार आहे की नाही, हा प्रश्नच व्यर्थ. ज्याला गार लागतो त्याला गार, ज्याला लागत नाही त्याला नाही. पंख्याच्या बटनावरून ज्या घरात रोज भांडण होते, त्या घरातल्या मंडळींना प्रोटॅगोरस लगेच पटेल!

प्लेटोचा पहिला आक्षेप आजही सापेक्षतावाद्याला झोंबतो. ज्याला जे वाटते ते त्याच्यापुरते खरे असेल, तर प्रोटॅगोरसचे म्हणणे खोटे आहे असे ज्यांना वाटते, त्यांचे काय? त्यांचेही खरेच मानावे लागेल. म्हणजे आपल्या विरोधकांचे म्हणणे खरे असल्याची कबुली खुद्द प्रोटॅगोरसलाच द्यावी लागते.

यावर प्रोटॅगोरसच्या बाजूने उत्तर देता येते आणि प्लेटो ते प्रामाणिकपणे देतो. वैद्य आणि रोगी यांच्यात रोग्याला अन्न कडू लागते हे खरेच आहे. वैद्य त्याला खोटे ठरवत नाही, तो औषध देऊन त्याची अवस्था पालटतो. तेव्हा शहाण्याचे मत अधिक खरे नसते, अधिक हितकर असते. हे उत्तर हुशारीचे आहे. कित्येक आधुनिक विचारवंतांनीही याच वाटेने जाऊन पाहिले आहे.

पण हितकर म्हणजे काय? या औषधाने उद्या ताप उतरेल, असे वैद्य म्हणतो आणि उतरणार नाही, असे शेजारी म्हणतो. उद्या सकाळी ताप उतरलेला असेल किंवा नसेल. तेथे दोघांचेही खरे होत नाही. भविष्याचा प्रश्न आला की प्रत्येक जण माप उरत नाही, असे प्लेटो दाखवतो. आज मोबाइलवर रोज सकाळी एकेक रामबाण उपाय येत असतो. तो पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याच्या हेतूने मधुमेह्याची साखर उतरत नाही.

हत्ती पाहिलेला माणूस

आपल्याकडेही हा वाद तितक्याच धारेने झाला आहे. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती बौद्धांच्या 'उदान' या पाली ग्रंथात आहे आणि जैन परंपरेतही ती आवडीने सांगितली जाते. जैनांचा अनेकान्तवाद सांगतो की वस्तूला अनंत अंगे असतात आणि आपले प्रत्येक विधान त्यांतल्या एखाद्या अंगाविषयी असते. म्हणून विधानाला 'स्यात्' जोडावे. यालाच स्याद्वाद म्हणतात.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात यावर जो हल्ला केला, तो प्लेटोची आठवण करून देणारा आहे. सगळेच अनिश्चित असेल, तर हा तुमचा सिद्धान्तही अनिश्चित ठरेल. मग गुरूने शिष्याला शिकवायचे काय आणि शिष्याने कशाच्या भरवशावर आचरण करायचे?

जैनांचे उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका विशिष्ट दृष्टीने' असा त्याचा अर्थ. घडा मातीच्या दृष्टीने टिकाऊ आणि आकाराच्या दृष्टीने नाशिवंत, असे म्हणणारा मनुष्य संशयात पडलेला नसतो. तो दोन्ही गोष्टी ठामपणे सांगतो, फक्त कोणत्या दृष्टीने ते स्पष्ट करतो. दिवाळीच्या अमावास्येसारखेच हे. १९५० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबीस आणि जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना स्याद्वादाविषयी लिहावेसे वाटले, ते यामुळेच. अपुऱ्या माहितीवरून नेमके बोलायचे कसे, हा संख्याशास्त्राचाही प्रश्न आहे.

आणि हत्तीच्या गोष्टीत एक बारकावा असतो, तो सांगताना आपण विसरतो. आंधळ्यांची चूक आपल्याला कळते, कारण गोष्ट सांगणाऱ्याने पूर्ण हत्ती पाहिलेला असतो. हत्ती नसताच, नुसते खांब, सूप आणि दोरखंडच असते, तर कोणी अपुरे आहे असे म्हणताच आले नसते. ही गोष्ट नम्रता शिकवते, पण सत्य नाही असे शिकवत नाही.

दरबारातला प्रश्न

सत्याच्या प्रांतात सापेक्षतावादाची अशी कोंडी होते. मूल्यांच्या प्रांतात मात्र त्याचे पाय बरेच घट्ट रोवलेले आहेत. ताप उतरला की नाही हे तापमापक सांगतो. अमुक चाल योग्य की अयोग्य हे सांगणारे यंत्र कोणाकडे आहे?

हिरोडोटसने इराणच्या दारयवहू बादशहाची एक कथा दिली आहे. आपल्या दरबारातल्या ग्रीकांना बादशहाने विचारले, "काय घ्याल आणि मेलेल्या बापाचे मांस खाल?" ग्रीक म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने हिंदुस्थानातल्या कल्लातिया नावाच्या लोकांना बोलावले. त्यांच्यात तशी चाल होती, असे हिरोडोटस सांगतो. त्यांना विचारले, "काय घ्याल आणि बापाचे प्रेत जाळाल?" त्यांनी ओरडून बादशहाला असे अभद्र न बोलण्याची विनवणी केली. हिरोडोटसचा निष्कर्ष असा की प्रत्येकाला आपलीच रूढी श्रेष्ठ वाटते.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. बौधायनाच्या धर्मसूत्रात आरंभीच हा वाद आहे. दक्षिणेकडच्या पाच चाली उत्तरेला खटकतात, उत्तरेकडच्या पाच दक्षिणेला. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करणे हे दक्षिणेकडचे. लोकरीचा व्यापार, मद्यपान, समुद्रप्रवास हे उत्तरेकडचे. एक मत असे की ज्या त्या प्रदेशात त्या त्या प्रदेशाची चाल प्रमाण मानावी. लगेच गौतमाचे विरुद्ध मत दिले आहे की हे चूक आहे. शिष्टांच्या स्मृतीशी विरोध असेल तर दोन्हीकडच्या चाली मानू नयेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या ग्रंथात 'देश तसा वेश' आणि 'पळसाला पाने तीनच' असे शेजारी शेजारी उभे आहेत! महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात मामेबहिणीशी विवाहाच्या या वादाचा परामर्श घेतला आहे.

या युक्तिवादाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की मते भिन्न आहेत एवढ्यावरून कोणतेच मत बरोबर नाही, असे निघत नाही. पृथ्वी सपाट की गोल याबद्दलही मते भिन्न होतीच. दुसरे उत्तर अधिक मोलाचे. ग्रीक आणि कल्लातिया दोघेही इतके का दुखावले? कारण मेलेल्या बापाचा मान राखला पाहिजे, याबद्दल दोघांत मतभेद नव्हताच. तो कसा राखावा, एवढ्यापुरताच मतभेद होता. अमेरिकन तत्त्वज्ञ डोनल्ड डेव्हिडसन याने १९७४ साली याच्याही मुळाशी जाणारा मुद्दा मांडला. समोरच्याचे जग आपल्याहून वेगळे आहे, हे ओळखण्यासाठी देखील आधी पुष्कळ गोष्टी दोघांत समान असाव्या लागतात. नाही तर तो काय बोलतो हेच कळणार नाही.

आपला कायदाही मोठ्या समजुतीने वागलेला दिसतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यांतले विवाह निषिद्ध ठरवले, पण दोन्ही पक्षांच्या रूढीने तसा विवाह मान्य असेल तर सूट दिली. त्यामुळे मामाची मुलगी करण्याची चाल कायद्यात बसली. मात्र पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न करणे आणि वधूवरांच्या वयाची अट, या दोन बाबतींत तशी सूट ठेवली नाही. कोठे रूढीला विचारायचे आणि कोठे विचारायचे नाही, याची रेघ त्या कायद्याने ओढली. ती का ओढावी लागली, हे समजण्यासाठी मुंबईतल्याच एका खटल्याकडे वळले पाहिजे.

रूढी कोणाची?

रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या आईकडेच राहिल्या, शिकल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नी नांदायला यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. ज्या लग्नाला मी जाणतेपणी संमती दिली नाही ते माझ्यावर बंधनकारक नाही, असा रखमाबाईंचा पक्ष होता. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८६ साली अपिलात तो फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन.

सारा समाज ढवळून निघाला. टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे की परक्या सरकारला आमच्या रूढींत हात घालण्याचा अधिकार नाही. सुधारणा करायची तर आमचे आम्ही करू. हे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. 'आमची मूल्ये उच्च, तुमची हीन' असे म्हणतच साम्राज्ये उभी राहिली. सापेक्षतावादाचे सगळ्यात मोठे पुण्य हेच की बलवानाच्या या गर्वाला त्याने प्रश्न विचारला.

पण या खटल्यातच त्याची मर्यादाही उघडी पडली. 'आमची रूढी' म्हणताना 'आम्ही' म्हणजे कोण? दादाजी हिंदू होते, तशा रखमाबाईही हिंदू होत्या. त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' याच सहीने. समाज म्हणजे एका तोंडाने बोलणारी व्यक्ती नव्हे. समाजाचे बहुमत हेच योग्यायोग्याचे माप धरले, तर सुधारक हा व्याख्येनेच चूक ठरतो. १८८८ साली 'सुधारक' काढणारे आगरकरही चूक आणि विधवाविवाह करणारे कर्वेही चूक, आणि पन्नास वर्षांनी बहुमत फिरले की तेच बरोबर! असे बोलणे कोणालाच समाधान देणार नाही. आगरकर त्या दिवशीही बरोबर होते, असेच आपल्याला म्हणायचे असते.

मौज अशी की जी चाल आपली म्हणून रखमाबाईंवर लादली जात होती, ती पूर्णपणे आपली नव्हतीच. पत्नीला नांदायला भाग पाडणारा असा दावा इंग्लंडच्या कायद्यातून येथे आला आणि हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हे पिन्हे यांनी निकालात दाखवून दिले होते. संस्कृतींच्या सीमा नकाशावरच्या सीमांइतक्या कोरीव नसतात.

१८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. त्या १९५५ च्या सप्टेंबरात वारल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मे महिन्यात अमलात आला होता.

सहिष्णुतेचा आधार

हाच प्रश्न लवकरच साऱ्या जगापुढे आला. संयुक्त राष्ट्रसंघ मानवी हक्कांची घोषणा तयार करत असता, १९४७ साली अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक निवेदन धाडले. मेल्विल हर्स्कोव्हिट्स यांनी लिहिलेल्या या निवेदनाचा आशय असा की मूल्ये ज्या त्या संस्कृतीची असतात. पाश्चात्त्यांची मूल्ये जगाची म्हणून लादू नका. ही मंडळी दुष्ट नव्हती. वंशश्रेष्ठत्वाच्या खुळाशी झगडणाऱ्या फ्रान्झ बोआस यांच्या परंपरेतली ती होती.

घोषणा १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झाली. ४८ राष्ट्रे अनुकूल, प्रतिकूल एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांत दक्षिण आफ्रिका होती, आणि त्याच वर्षी तेथे वर्णभेदाचे धोरण घेऊन नवा पक्ष सत्तेवर आला होता. प्रत्येक वंशाने आपापल्या परीने वेगळे वाढावे, अशी गोड भाषा पुढे त्या राजवटीने वापरली. संस्कृतीचा मान राखण्याची भाषा जुलूम करणाराही बोलू शकतो, हे जगाने पाहिले. घोषणा केवळ पाश्चात्त्यांची होती असेही नाही. तिच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द होता; त्याजागी 'सर्व मानव' असा शब्द आला, तो मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. १९९९ साली मानवशास्त्रज्ञांच्या त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने नवे निवेदन स्वीकारले.

पुष्कळ भल्या माणसांना वाटते की सापेक्षतावाद सोडला तर सहिष्णुता जाईल. वास्तविक उलट आहे. सगळी मूल्ये ज्याच्या त्याच्यापुरती असतील, तर 'दुसऱ्याला सहन करावे' हे मूल्यही आपल्यापुरतेच राहते. ज्याच्या रूढीत दुसऱ्याला चिरडणेच बसते, त्याला आपण कोणत्या तोंडाने थांबवणार? दुसऱ्याचा मान राखावा, हे सर्वांसाठी खरे मानले तरच सहिष्णुतेला उभे राहायला जागा मिळते.

तेव्हा घरातही वाद निघाला की तो कोणत्या जातीचा आहे, एवढे आधी पाहावे. रुचीचा असेल तर सोडून द्यावा. चिवड्यात साखर घालणाऱ्याला कोणी सुधारू नये. रीतिरिवाजाचा असेल तर समोरच्याची रीत कोणत्या हेतूने चालत आली ते विचारावे. पुष्कळदा आपलाच हेतू तेथे वेगळ्या वेशात भेटतो. वस्तुस्थितीचा असेल तर पुरावा मागावा, आणि आपला पुरावा कच्चा निघाला तर मत बदलण्याची लाज बाळगू नये. आणि कोणाच्या तरी आयुष्याचा असेल, तर ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे त्या माणसाला आधी बोलू द्यावे. बहुधा घरातल्या सगळ्यात लहान किंवा सगळ्यात गप्प माणसालाच विचारायचे राहून गेलेले असते.